विज्ञानशाळेची इमारत



टेंभुर्णी नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. पुणे-सोलापूर हमरस्त्यावरील माढे तालुक्यातील टेंभुर्णी बहुतेकांच्या पाहण्यातली असते. मला आज जिच्याविषयी बोलावयाचे आहे ती टेंभुर्णी जालना जिल्ह्याच्या जाफ्राबाद तालुक्यातील होय. ज्या झाडाच्या पानांच्या विड्या वळतात त्या टेंभुर्णीच्या झाडाचे नाव हे गाव मिरवीत आहे. अशा गावी विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी महाविद्यालयाची नवी इमारत उभारावयाची झाल्यास ती कशी असावी, हा आजचा प्रश्न आहे. वीज गेली तरी जिच्यात मुलांस बसवेल, दुष्काळी साली जिला पाण्यावाचून टाळे लावावे लागणार नाही, दोन पिढ्या जी टिकेल, आणि ज्या लोकांच्या वर्गणीतून ती उभी राहिली त्यांच्याच मुलांच्या अंगावर जी कोसळणार नाही, अशी इमारत बांधता येते काय? शहरातील श्रोत्यांस हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. आपल्या गृहसंस्थांच्या व शाळांच्या समित्यांवर बसणाऱ्या मंडळींपुढेही तो येतोच. आमच्याकडे तो अधिक उघडावाघडा दिसतो एवढेच.

प्रथम भूमीचा विचार करू. टेंभुर्णीचा अक्षांश सुमारे २० अंश उत्तर. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर सहज चढतो, आणि हवा कोरडी असल्यामुळे रात्री तो पुष्कळ खाली उतरतो. दिवस व रात्र ह्यांच्या उष्णतामानातील हे अंतर ध्यानात ठेवावे, कारण पुढील विवेचनाचा अर्धा भार त्यावरच आहे. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान ६५० ते ७५० मिलिमीटर. वाईट साली ते चारशे-साडेचारशेवर येते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या, ही गोष्ट अद्याप कोणी विसरलेले नाही. जमीन बव्हंशी काळी, कापसाची. तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याच्या उत्तर भागातूनच गेली आहे, तेव्हा दगडाला तोटा नाही.

आता सध्या इमारती कशा बांधतात ते पाहा. लोखंड व काँक्रीट ह्यांचे खांब, त्यांवर चार-पाच इंच जाडीची स्लॅब, खांबांच्या मधल्या जागेत विटांच्या पातळ भिंती, आणि संस्था थोडी सधन असली म्हणजे दर्शनी बाजूस निळ्या काचेचा पडदा. मराठवाड्यातील एका संस्थेची अशी इमारत मी पाहिली. तिची काच पश्चिमेस होती, कारण रस्ता पश्चिमेस होता. दुपारी दोन वाजता आत सर्वत्र जाड पडदे ओढलेले आणि विजेचे दिवे लागलेले! काचेचा धर्म असा की, सूर्याचा प्रकाश ती आत येऊ देते. परंतु त्या प्रकाशाने तापलेल्या बाकांतून व भिंतींतून जी उष्णता उत्सर्जित होते ती तिच्यातून सहजी बाहेर पडत नाही. थंड देशांत रोपे जगविण्यासाठी काचेची घरे बांधतात ती ह्याच गुणामुळे. आपल्याकडे त्यात विद्यार्थी कोंडावयाचे हा विचार कोणाच्या डोक्यातून निघाला असेल तो असो.

स्लॅबची गोष्ट काचेहून महत्त्वाची आहे, कारण उन्हाळ्यात भिंतींपेक्षा छपरावर अधिक ऊन पडते. उष्णता कोणत्याही पदार्थातून पलीकडे जाण्यास वेळ लागतो. पाच इंची काँक्रीटमधून दिवसाच्या उष्णतेची लाट पार होण्यास सुमारे तीन तास लागतात. म्हणजे एक वाजताचे ऊन चार वाजता मुलांच्या डोक्यावर उतरते. नऊ इंची विटांच्या भिंतीस सहा-सात तास लागतात, आणि अठरा इंची दगडी भिंतीस दहा ते बारा. शिवाय जाड भिंतीतून जाताना ही लाट चांगलीच दुबळी होते. दुपारी दोन वाजता दगडी भिंतीच्या बाहेरच्या अंगास हात लावला तर चटका बसतो. तीच उष्णता आतल्या अंगास पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. राहत्या घरात ही अडचण ठरते. म्हणूनच आमच्याकडील माणसे उन्हाळ्यात गच्चीवर किंवा अंगणात निजतात. महाविद्यालयात मध्यरात्री कोण असतो? जाड भिंतीचा हा गुण घरापेक्षा शाळेस अधिक मानवणारा आहे, ही गोष्ट आमच्या समित्यांच्या ध्यानात सहसा येत नाही.

आपले पूर्वज हे जाणत होते. मराठवाड्यातील जुनी घरे धाब्याची, ज्यांस माळवद म्हणतात. तुळयांवर किलच्या, त्यांवर पाला किंवा गवत, आणि वर फूट-दीड फूट पांढऱ्या मातीचा थर. आपल्या भाषेत शेतजमिनीस काळी आणि गावठाणास पांढरी म्हणतात, ते उगीच नव्हे. शेतातील काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. गावठाणाची पांढरी त्या मानाने स्थिर राहते, म्हणून धाब्यास हीच माती घालावयाची. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील पाणचक्की पुष्कळांनी पाहिली असेल. परंतु तेथील मोठ्या हौदाचा तळ हाच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे, इकडे थोड्यांचेच लक्ष जाते. डोक्यावर पाणी असल्यामुळे ते दालन भर उन्हाळ्यात गार राहते, आणि यात्रेकरूंस त्याचा आसरा असे. विजेशिवाय गारवा निर्माण करण्याची कला आपल्या मुलखास नवी नाही, एवढे ह्यावरून दिसते.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग पुन्हा धाब्याचीच इमारत बांधा! असे म्हणणारे लोक अलीकडे शहरांत पुष्कळ भेटतात. त्यांस मी किल्लारीची आठवण देतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत जो भूकंप झाला त्याची तीव्रता सहाहून थोडीच अधिक होती. जगातील मोठ्या भूकंपांत त्याची गणना होणार नाही. तरीही हजारो माणसे झोपेतच मेली, आणि त्यांतील बहुतेकांस मारले ते भूकंपाने नव्हे, घरांनी. गोल, ओबडधोबड दगडांच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती. आतील दगड व बाहेरील दगड ह्यांचे दोन निराळे पदर, त्यांच्यामध्ये चिपा आणि माती. धक्का बसताच दोन पदर एकमेकांपासून सुटले, पोट फुगून भिंती ढासळल्या, आणि वरचे धाबे खाली आले. एक फूट जाडीची माती दर चौरस मीटरला सुमारे अर्धा टन भरते. दरवर्षी गळती थांबविण्यासाठी वर नवी माती टाकावयाची, त्यामुळे कित्येक घरांवर हा थर पिढ्यान्‌पिढ्या वाढतच गेलेला होता. ज्या मातीने उन्हापासून राखले तिनेच गाडले. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविला होता, ही गोष्ट 'आमच्याकडे भूकंप होत नाही' असे म्हणणाऱ्यांनी विसरू नये.

परंतु ह्यावरून दगडच टाकून द्यावा असा निष्कर्ष काढणे म्हणजे ताप आला म्हणून अंग टाकून देण्यासारखे होय. दोष दगडात नव्हता, बांधणीत होता. किल्लारीनंतर जे नियम सर्वत्र सांगण्यात आले ते एखाद्या गवंड्यासही समजतील इतके सरळ आहेत. ओबडधोबड दगडाची भिंत अठरा इंचांहून जाड नसावी. मातीऐवजी चुना किंवा सिमेंटचा दर्जा वापरावा. उंचीच्या दर दोन फुटांस व लांबीच्या दर चार फुटांस भिंतीच्या दोन्ही अंगांना जोडणारा एक आरपार दगड बसवावा. तसा लांब दगड न मिळाल्यास लोखंडी सळई घातलेला काँक्रीटचा तुकडा चालतो. आणि जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर व छताखाली सर्व भिंतींस कवेत घेणारा लोखंड-काँक्रीटचा सलग पट्टा फिरवावा. पिंपाच्या फळ्यांना लोखंडी कडे जसे आवळून धरते तसा हा पट्टा चारही भिंतींस धरून ठेवतो. अठरा इंचांची मर्यादा आणि मघाशी सांगितलेले दहा-बारा तास ह्यांचा मेळ कसा बसतो ते पाहा. जीव वाचविणारी जाडी आणि गारवा देणारी जाडी एकच निघाली. जाडीचा अतिरेक करून फारसे काही साधत नव्हतेच.

छप्पर मात्र काँक्रीटचे असावे, पण उघडे नव्हे. त्यावर विटांच्या तुकड्यांचा व चुन्याचा कोबा, आणि सर्वांवर पांढऱ्या चिनीमातीच्या फुटक्या लाद्यांचे तुकडे बसवावेत. ह्या लाद्या कारखान्यांत फुटक्या म्हणून टाकून दिलेल्याच असतात. पांढरा पृष्ठभाग नवा असता पडणाऱ्या उन्हाचा पाऊण हिस्सा परत पाठवितो. काळवंडलेले सिमेंट त्याच्या निम्मेही पाठवीत नाही. चुन्याची सफेती दिली तरी काम होते, पण ती दरसाल मार्चमध्ये द्यावी लागेल, आणि दरसाल करावयाच्या कामाचे आपल्या संस्थांत काय होते ते मी सांगावयास नको.

आता सूर्याविषयी. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे लांब भिंती उत्तर व दक्षिण ह्या दिशांस येतील. ह्याचे कारण गणिताने दाखविता येते. २१ मार्च व २३ सप्टेंबर ह्या सुमारास टेंभुर्णीस मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ७० अंश उंच असतो. दक्षिणेकडील खिडकी साडेचार फूट उंच धरली, तर तिच्या माथ्यावर केवळ वीस इंचांचा छज्जा काढल्याने ती सबंध सावलीत येते. मार्च ते सप्टेंबर ह्या काळात सूर्य ह्याहून उंच किंवा उत्तरेस असल्यामुळे तिच्यावर मुळीच ऊन पडत नाही. उलट डिसेंबरात सूर्याची मध्यान्हीची उंची साडेसेहेचाळीस अंशांवर येते. तेव्हा तोच छज्जा खिडकीचा वरचा वीस-एकवीस इंचांचा भागच झाकतो आणि खालून कोवळे ऊन आत येते. म्हणजे उन्हाळ्यात दार लावणारा आणि हिवाळ्यात उघडणारा हा एक बिनपगारी नोकरच होय. पश्चिमेच्या खिडकीस मात्र असा नोकर मिळत नाही. मे महिन्यात सूर्याच्या घड्याळाप्रमाणे चार वाजता तिच्यावरील ऊन अडविण्यास साडेसहा-सात फुटांचा छज्जा लागेल आणि पाच वाजता बारा फुटांचा! तेव्हा पश्चिमेस खिडकीच नसावी, हा सरळ उपाय. तेथे जिने व प्रसाधनगृहे ठेवावीत. ती ऊन खातील आणि वर्ग वाचतील. उत्तरेकडेही थोडी सावधगिरी हवी. सुमारे २१ मे ते २३ जुलै ह्या दोन महिन्यांत आमच्याकडे मध्यान्हीचा सूर्यदेखील किंचित उत्तरेस असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तो उत्तरेच्या भिंतीवर तिरपा येतो. म्हणून त्या खिडक्यांच्या दोन्ही बाजूंस उभे पंख काढावेत.

दिशा कशी ठरवावयाची? होकायंत्राने, असे कोणीही म्हणेल. पण काळ्या पाषाणात लोहचुंबकीय द्रव्य असते आणि त्याच्या सान्निध्यात सुई चळते. शुल्बसूत्रांच्या काळापासून चालत आलेली रीत अधिक भरवशाची आहे. सपाट जमिनीवर एक सरळ काठी उभी रोवावी व तिच्याभोवती एक वर्तुळ काढावे. सकाळी काठीच्या सावलीचे टोक वर्तुळात जेथे शिरेल तेथे एक खूण, दुपारनंतर ते जेथून बाहेर पडेल तेथे दुसरी. दोन खुणांस जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. हे काम विज्ञानाच्या विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावे. ज्या इमारतीत ते भूगोल व पदार्थविज्ञान शिकावयाचे तिचा पहिला धडा त्यांस उघड्या रानातच मिळेल.

विज्ञानशाळेच्या काही गरजा इतर वर्गांहून अगदी निराळ्या असतात, आणि येथेच साध्या नकाशाची फसगत होते. रसायनाच्या प्रयोगशाळेत पंखा लावता येत नाही. लावला तर बर्नरची ज्योत नाचते व विझते. चाळीस मुले, वीस ज्योती, एप्रिल महिना आणि पंखा बंद! पदवीच्या परीक्षा ऐन उन्हाळ्यातच चालतात. ह्यास्तव छताची उंची येथे तेरा-चौदा फूट ठेवावी आणि छताच्या लगत झरोके काढावेत. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व झरोक्यांतून बाहेर पडते. तिच्या जागी उत्तरेच्या खिडक्यांतून खालची हवा येते. खालचे व वरचे द्वार ह्यांतील उंचीचे अंतर जितके अधिक तितका हा ओढा जोराचा. विषारी वायूंसाठी निराळे बंदिस्त कपाट व त्याचे धुराडे हवेच, ते पंख्यानेच चालवावे लागते. त्यात काटकसर करू नये. सूक्ष्मदर्शकांची मेजे उत्तरेच्या खिडक्यांपाशी मांडावीत, कारण उत्तरेचा प्रकाश दिवसभर एकसारखा असतो. द्रव्यांची कोठी पश्चिमेच्या टोकास कधीही नसावी. ईथर हा द्रव सुमारे साडेचौतीस अंशांवर उकळतो. मे महिन्यातील टेंभुर्णीची साधी हवासुद्धा त्याहून उष्ण असते. ती कोठी तळमजल्यावर, उत्तरेस, जाड भिंतींच्या आड आणि स्वतंत्र वायुवीजनाची असावी.

दक्षिणेस आठ फुटांचा सलग व्हरांडा असावा. हा खर्च वायफळ म्हणून प्रथम काटला जातो, असा माझा अनुभव आहे. व्हरांडा दक्षिणेच्या भिंतीस उन्हापासून व पावसापासून राखतो, ये-जा करण्यास उपयोगी पडतो, आणि वर्ग सुटल्यावर मुलांस उभे राहून वाद घालण्यास जागा देतो. शिक्षणाचा किती भाग तेथे होतो, हे शिक्षकांस ठाऊक असते. पुण्यास १९८८ साली डॉ. जयंत नारळीकर ह्यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेले आयुका, म्हणजे खगोलशास्त्र व खगोलभौतिकी ह्यांचे आंतरविद्यापीठीय केंद्र, ज्यांनी पाहिले असेल त्यांस काळ्या दगडाच्या भिंती व मधले मोकळे कुंड आठवेल. चार्ल्स कोरिया ह्यांनी ती वास्तू रचली. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइनस्टाइन ह्यांचे पुतळे त्या कुंडात आहेत, आणि माणसे दालनांपेक्षा तेथेच अधिक रमतात. मुंबईची विज्ञानसंस्था, जॉर्ज विटेट ह्यांनी आखलेली व १९२० साली पुरी झालेली, आपल्या जाड दगडी भिंतींसह शंभर वर्षे विज्ञान शिकवीत आली आहे. आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने २०१८ साली जालन्यास आपले मराठवाडा केंद्र सुरू केले, तेव्हा उच्च विज्ञान आमच्या उंबरठ्यापर्यंत आलेच आहे. तेथे जाणारी मुले ज्या खेड्यांतून निघावयाची तेथील प्रयोगशाळा मात्र पत्र्याखाली राहिल्या तर काय उपयोग?

जाड भिंती दिवसा गार राहाव्यात ह्यासाठी रात्री त्यांतील उष्णता काढून टाकणे अवश्य असते. रात्री अकरा ते पहाटे सहा ह्या वेळात खिडक्या-झरोके उघडे राहिले पाहिजेत आणि सकाळी ऊन तापण्यापूर्वी मिटले पाहिजेत. पुस्तकांत हे एका ओळीत लिहिलेले असते. प्रत्यक्षात रात्री खिडकी उघडी ठेवावयाची म्हणजे चोर, साप, मांजर आणि वळवाचा पाऊस ह्या चौघांचा बंदोबस्त करावा लागतो. शिपाई पाच वाजता कुलपे लावून घरी जातो. त्याने मध्यरात्री येऊन खिडक्या उघडाव्यात ही अपेक्षाच चुकीची. म्हणून रात्रीच्या हवेसाठी निराळी द्वारे असावीत: लोखंडी गज, बारीक जाळी व बाहेरून पावळी असलेले उंच झरोके, ज्यांची झापे दोरीने खालून ओढता येतील. शिपायाने जाताना ती उघडावीत व सकाळी घंटा देण्यापूर्वी मिटावीत. दोन मिनिटांचे काम असेल तरच ते वीस वर्षे चालू राहील.

पाण्याचा हिशेब आता करू. छपराच्या एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पाचशे चौरस मीटरच्या छपरावर ६५० मिलिमीटर पावसाचे सव्वातीन लक्ष लिटर. वाया जाणारा पाचवा भाग सोडला तरी दोन लक्ष साठ हजार हाती राहतात. दोनशे विद्यार्थ्यांस प्रत्येकी दहा लिटर धरले तर हे एकशे तीस दिवसांचे पाणी झाले. चारशे मिलिमीटरच्या साली ऐंशी दिवसांचे. वर्षभर पुरत नाही हे खरे; परंतु ते साठवून फेब्रुवारीपासून वापरावयास काढले तर टँकरची वाट पाहावी लागणार नाही. पहिल्या पावसाचे पाणी छपरावरील धूळ व पक्ष्यांची घाण धुऊन आणते, ते सोडून द्यावे. पाणी अडविण्याचे मोल आमच्या जिल्ह्यास कोणी शिकवावे असे नाही. कडवंचीच्या शेतकऱ्यांनी आपल्या गावाच्या पाणलोटात ते करून दाखविले आहे.

प्रयोगशाळेत पाणी कोठे नाहीसे होते ह्याचा शोध घेतला तर पहिला चोर ऊर्ध्वपातनाचे यंत्र निघेल. एक लिटर शुद्ध पाणी गाळण्यासाठी वाफेस थंड करणारे दहा-बारा लिटर पाणी नळीतून वाहून मोरीत जाते. ते मलिन झालेले नसते, केवळ ऊन झालेले असते. एक नळी फिरवून ते टाकीत परत नेले की काम झाले. दुसरा चोर पाण्याचा कूलर. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते विजेच्या सुमारे दोन-तृतीयांश युनिटाइतकी उष्णता शोषून घेते, म्हणून कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो ह्यात शंका नाही. पण तो तासाला आठ-दहा लिटर पाणी पितो. असे आठ कूलर सहा तास चालले तर दिवसाला चारशे-साडेचारशे लिटर. आणि हे नेमके एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा गावातील बाया हंडे घेऊन रांगेत असतात. ज्या इमारतीस कूलर लागतो ती आधीच चुकली, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्लांचे व धातूंचे सांडपाणी ह्यांची मोरी अगदी निराळी ठेवावी. चुनखडीच्या कुंडीतून ते आधी निवळून न्यावे, आणि पाणी जिरविण्याच्या खड्ड्याकडे ते कोणत्याही स्थितीत जाऊ देऊ नये. गावाच्या विहिरी तेथून दूर नसतात.

सौर विजेविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिची जाहिरात इतर पुष्कळ जण करतात. एक किलोवॅटच्या तावदानांस सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते व दिवसाकाठी सरासरीने चार युनिट वीज मिळते. महाविद्यालय दिवसा चालते, सूर्यही दिवसाच असतो. तेव्हा हा जोडा चांगला जमतो. तावदाने गच्चीपासून काही फूट उंच बसविली तर त्यांची सावलीही उपयोगी पडते. मात्र इमारत आधी तापू द्यावयाची आणि मग सूर्याच्याच विजेने ती थंड करावयाची, ह्यात शहाणपण नाही. हिरव्या इमारतींस गुण देण्याच्या पद्धती आपल्या देशात आहेत. 'ग्रिहा' ही त्यांपैकी एक, २००७ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय म्हणून स्वीकारली. समितीने ती जरूर वाचावी. पण परीक्षेत गुण मिळविणे आणि विषय समजणे ह्यांतील फरक मास्तरांस निराळा सांगावा लागत नाही.

राहिला खर्च व सामान. सिमेंट भाजताना जेवढे क्लिंकर तयार होते त्याच्या पाऊणपटीहून अधिक वजनाचा कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. म्हणून जेथे चुन्याने भागते तेथे सिमेंट वापरू नये, आणि जेथे जिवाचा प्रश्न आहे, म्हणजे पट्टे, स्लॅब व पाया, तेथे हात आखडू नये. दगड दहा-वीस मैलांच्या आतील खाणीचा घ्यावा. सळया जालन्याच्याच मिळतात, आणि त्या पुष्कळशा मोडीचे लोखंड वितळवून केलेल्या असतात. आतील आडभिंतींसाठी परळीच्या वीज केंद्राच्या राखेपासून केलेल्या विटा वापरण्यासारख्या आहेत. दगडी काम महाग पडते असा आक्षेप येईल. मजुरी अधिक लागते हे कबूल. पण ती मजुरी गावच्याच पाथरवटाच्या घरी जाते. शिवाय दगडी भिंतीस बाहेरून गिलावा नको व रंगही नको, तो खर्च दर पाच वर्षांनी वाचतो.

सर्वांत जास्त पैसा मात्र जमिनीखाली जाईल, आणि तो दिसत नसल्यामुळे वर्गणीदारांस पटवून द्यावा लागेल. काळी माती पावसाळ्यात फुगून इमारत वर उचलते व उन्हाळ्यात आकसून तिचा आधार काढून घेते; कोपऱ्याकोपऱ्यांतून तिरप्या भेगा पडलेल्या शाळा आमच्या भागात ठिकठिकाणी दिसतात. मुरूम चार-पाच फुटांवर लागत असेल तर काळी माती पुरी काढून पाया मुरमावरच बसवावा. फार खोल असेल तर रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी काढलेले, खाली कंदासारखे फुगीर असणारे काँक्रीटचे खुंट उतरवून त्यांवर जोते बांधावे. ह्यांपैकी कोणता मार्ग घ्यावयाचा हे ठरविण्यासाठी जागेच्या चार कोपऱ्यांत व मध्यभागी चाचणीचे खड्डे घ्यावेत, आणि ते मे महिन्यातच घ्यावेत. त्या वेळी जमीन पूर्ण भेगाळलेली असते; भेग जेथवर खोल गेली असेल तेथवर ती माती दरसाल हालते, हे डोळ्यांनी दिसते व टेपाने मोजता येते.